ऑफिसच्या इंट्रानेट पानावरून शेअर्ड मेलच्या फोल्डरची लिंक कशी द्यायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमचं ऑफिस वाशीला, एपीएमसी मार्केटच्या बाजूला, काम कस्टम क्लिअरिंगचं. मी डॉक्युमेंटेशनला आहे, आयटीचं काही शिकलेली नाही, पण आमच्या इंट्रानेटच्या (ऑफिसपुरत्या वेबसाइटच्या) पानावर शेअर्ड मेलबॉक्सच्या लिंका लावायचं काम माझ्याकडे आलं आणि ते नीट जमेपर्यंत जवळजवळ दीड महिना गेला. जे सापडत होतं ते सगळं आयटी ॲडमिनसाठी लिहिलेलं, माझ्यासारख्या माणसाने कुठून सुरुवात करायची ते कुठेच नाही. म्हणून हे लिहितेय, तुमचा तरी तेवढा वेळ वाचावा.

हे करायची वेळ का आली ते आधी सांगते. शिपिंग लाइनकडून डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडायचा कागद) आला होता, पण तो आमच्या एका सहकाऱ्याच्या स्वतःच्या मेलवर, आणि तो साताऱ्याला भावाच्या लग्नाला गेलेला. डीओशिवाय कंटेनर सीएफएसमधून (बंदरातले कंटेनर आणून ठेवतात त्या यार्डातून) बाहेर निघत नाही. आम्ही इकडे लाइनला फोन करतोय, लाइन म्हणतेय आम्ही कधीच पाठवला, आणि तो मेल त्याच्या इनबॉक्समध्ये न वाचलेला पडून. फ्री डेज (कंटेनर फुकट वापरायचे दिवस) संपले, डिटेन्शन (त्यापुढच्या दिवसांचा लाइनचा आकार) लागलं, पार्टीने, म्हणजे ज्याचा माल त्याने, ते द्यायला नकार दिला आणि ते आमच्यावर आलं. त्यानंतर साहेबांनी ठरवलं की असे सगळे मेल एकाच शेअर्ड मेलबॉक्सवर येणार, त्यात लाइनप्रमाणे फोल्डर असणार, आणि इंट्रानेटच्या पहिल्या पानावर प्रत्येक फोल्डरची लिंक असणार, म्हणजे कोणीही असो, एका क्लिकमध्ये तिथे पोचला पाहिजे.

आम्ही मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरतो, मेल आउटलुकमध्ये बघतो आणि इंट्रानेट शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टचीच ऑफिसची पानं बनवायची सोय) आहे, त्यामुळे मुख्य माहिती त्याचीच आहे. जीमेलवाल्यांसाठी पुढे थोडं लिहिलंय. आणि एक, इथे वेबचे पत्ते मी फोनवर सांगते तसे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत आणि मध्ये कुठेही जागा न सोडता टाकायचे.

आधी एवढं जमवून ठेवा

- शेअर्ड मेलबॉक्सचा पूर्ण मेल आयडी. नाव नाही, आयडी. आमच्याकडे "इम्पोर्ट डॉक्स" नावाच्या 2 गोष्टी निघाल्या, एक मेलबॉक्स आणि एक नुसती डिस्ट्रिब्युशन लिस्ट, म्हणजे आलेला मेल यादीतल्या सगळ्यांना पुढे पाठवणारा आयडी, ज्याला स्वतःचा मेलबॉक्स नसतो.
- कोणाकोणाला तो उघडता आला पाहिजे त्यांची यादी, आणि त्या यादीवर साहेबांचा "हो" मेलवर लेखी. तोंडी "हो"वर आयटीवाले परवानगी देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.
- कोणते फोल्डर दाखवायचे ते. सगळे नका घेऊ, रोज लागणारे ५-६ घ्या.
- इंट्रानेटचं पान एडिट करायचा हक्क. तुम्हाला पानावर वरती एडिटचं बटण दिसतंय का बघा, दिसत नसेल तर साइटच्या मालकाकडे मागा.
- आयटीतल्या एका माणसाचा नंबर, जो फोन उचलतो.
- तपासायला दुसऱ्या कोणाचातरी लॅपटॉप. याचं महत्त्व पुढे कळेल.

१. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते आधी ओळखा

माझे पहिले 2 आठवडे इथेच गेले. "शेअर्ड फोल्डर" हा शब्द ऑफिसमध्ये प्रत्येकजण वेगळ्या अर्थाने वापरतो, आणि त्या प्रत्येकाची लिंक द्यायची पद्धत वेगळी आहे.

पहिला प्रकार, शेअर्ड मेलबॉक्स. हा स्वतंत्र मेलबॉक्स असतो, त्याचा स्वतःचा आयडी असतो, त्याला वेगळा पासवर्ड टाकून लॉगिन करायचं नसतं, तुम्ही तुमच्याच लॉगिनने तो उघडता. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. लिंक द्यायला हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात टिकाऊ.

दुसरा प्रकार, कोणाच्यातरी स्वतःच्या मेलबॉक्समधला एखादा फोल्डर जो त्याने इतरांना शेअर केलाय. आमच्याकडे आधी हेच होतं. सीनियरच्या इनबॉक्सखाली "डीओ" नावाचा फोल्डर आणि तो 4 जणांना शेअर केलेला. याची चांगली लिंक बनत नाही. पुढे मी जी पद्धत सांगणार आहे ती पूर्ण मेलबॉक्सची परवानगी असेल तरच चालते, एकाच फोल्डरची परवानगी असेल तर त्या पत्त्यावर एरर येतो. तशा वेळी प्रत्येकाने आपल्या आउटलुकमध्ये फोल्डर्सवर राइट क्लिक करून तो शेअर्ड फोल्डर एकदा स्वतःच्या यादीत घ्यायचा असतो आणि पानावर तुम्ही फारतर ते कसं करायचं याच्या सूचना देऊ शकता. शिवाय ज्याचा फोल्डर तो माणूस नोकरी सोडून गेला की सगळंच गेलं. माझं मत विचाराल तर तो फोल्डर शेअर्ड मेलबॉक्समध्ये हलवून घ्या आणि मगच लिंकचं बघा.

तिसरा, ग्रुप. टीम्समध्ये टीम बनवली की मागे एक ग्रुप तयार होतो आणि त्याला मेलबॉक्स असतो. टीम्समधून बनलेला ग्रुप आउटलुकमध्ये सहसा लपलेला असतो, दिसत नसेल तर आयटीला तो दिसेल असं करायला सांगा. मग ब्राउझरमध्ये आउटलुक उघडून डाव्या बाजूला ग्रुप्समध्ये तो ग्रुप उघडा आणि वरच्या पट्टीतला पत्ता घ्या, मेंबर असलेल्या सगळ्यांना तो उघडतो.

चौथा, पब्लिक फोल्डर. जुन्या कंपन्यांमध्ये, रबाळे-महापेच्या एमआयडीसीतल्या काही कारखान्यांच्या ऑफिसात मी अजून पाहिलाय. ब्राउझरमध्ये वापरायचा तर प्रत्येकाला तो आपल्या फेव्हरिट्समध्ये घालून घ्यावा लागतो.

आणि पाचवी गोष्ट जी शेअर्ड मेल नाहीच पण लोक तसं समजतात, ती म्हणजे नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेली पीएसटी फाइल (आउटलुकमधले मेल काढून साठवायची फाइल). कोणीतरी हुशारीने जुने मेल पीएसटीत काढतो, ती शेअर्ड ड्राइव्हवर टाकतो आणि सांगतो की याचीच लिंक द्या. कृपा करून देऊ नका. पीएसटी ही एका वेळी एकाने उघडायची फाइल आहे, नेटवर्कवरून वापरणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, फाइल खराब होते आणि खराब झाली की त्यातले मेल परत मिळतीलच असं नाही.

२. परवानगी आधी, लिंक नंतर

मी उलटं केलं होतं. सुंदर पान बनवलं, सगळ्यांना मेल टाकला की लिंका तयार आहेत, आणि सकाळी १० वाजता १४ जणांपैकी ९ जणांचे फोन आले की उघडत नाही. लिंक पानावर टाकली म्हणून कोणाला मेलबॉक्समध्ये शिरता येत नाही. लिंक फक्त रस्ता दाखवते, आत घ्यायचं की नाही ते मेलचा सर्व्हर ठरवतो. यात एक चांगलं पण आहे, लिंक चुकून बाहेर कोणाला गेली तरी परवानगी नसलेला माणूस आत येऊ शकत नाही.

आयटीला मेल करताना नेमकं काय हवंय ते लिहा, नाहीतर ते अर्धंच देतात आणि मग आठवडाभर फेऱ्या. 2 गोष्टी वेगवेगळ्या मागायच्या असतात. एक "फुल ॲक्सेस", म्हणजे मेलबॉक्स उघडून वाचता येणं. दुसरी "सेंड ॲज", म्हणजे त्या आयडीवरून मेल पाठवता येणं. फुल ॲक्सेस मिळाला म्हणून पाठवता येत नाही, हे मला लाइनला रिप्लाय करताना एरर आल्यावर कळलं.

परवानगी दिल्यावर लगेच उघडेल असं नाही. तासभर थांबा, मग बघा. त्याआधी आयटीला परत फोन करू नका.

अजून एक गोष्ट आयटीला विचारून घ्या, परवानगी एकेका माणसाच्या नावाने दिलीय की ग्रुपला. माणसाच्या नावाने दिली असेल तर डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये तो मेलबॉक्स आपोआप डाव्या बाजूला येतो. ग्रुपला दिली असेल तर आपोआप येत नाही, हाताने घालावा लागतो. ब्राउझरच्या लिंकला याने फरक पडत नाही, पण लोक "माझ्याकडे दिसतच नाहीये" म्हणून तुमच्याकडेच येणार, तेव्हा कारण माहीत असलेलं बरं.

आणि किती जणांना द्यायची याचाही विचार करा. एकाच वेळी २५ पेक्षा जास्त लोकांनी एक शेअर्ड मेलबॉक्स वापरू नये असं मायक्रोसॉफ्टचंच सांगणं आहे. माणसं त्याहून जास्त असतील तर इम्पोर्ट आणि एक्सपोर्टचे मेलबॉक्स वेगळे करा.

३. लिंक काढणे

हा भाग सावकाश वाचा, चुका इथेच होतात.

ब्राउझरमध्ये ऑफिसच्या आयडीने आउटलुक उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाची अक्षरं दिसतील, त्यावर क्लिक केलं की "ओपन अनदर मेलबॉक्स" असा पर्याय येतो. तिथे शेअर्ड मेलबॉक्सचा आयडी टाका. तो नव्या टॅबमध्ये उघडेल, आणि या टॅबमध्ये फक्त तोच मेलबॉक्स असेल, तुमचे स्वतःचे मेल नसतील. वरच्या पट्टीत पत्ता बघा, तो असा असेल: आउटलुक डॉट ऑफिस डॉट कॉम, स्लॅश मेल, स्लॅश, आणि त्यानंतर शेअर्ड मेलबॉक्सचा पूर्ण आयडी. आयडी त्या पत्त्यात दिसतोय ना, हीच खूण. नुसता इनबॉक्स उघडायचा असेल तर एवढ्याच पत्त्यावर काम होतं, आणि हा पत्ता तुम्ही हातानेही लिहू शकता.

काही ठिकाणी पत्त्यात ऑफिस डॉट कॉमच्या जागी क्लाउड डॉट मायक्रोसॉफ्ट असं दिसेल. घाबरू नका, मायक्रोसॉफ्ट आपल्या सेवा हळूहळू त्या पत्त्यावर नेतंय. फक्त तुमच्या ऑफिसच्या फायरवॉलने तो अडवलेला नाही ना, ते आयटीला विचारा.

आता आतल्या फोल्डरची लिंक. त्याच वेगळ्या टॅबमध्ये डाव्या बाजूच्या हव्या त्या फोल्डरवर क्लिक करा. पत्त्याच्या शेवटी एक लांबलचक, काहीच अर्थ न लागणारी अक्षरांची माळ येईल. तो त्या फोल्डरचा नंबर समजा. पूर्ण पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा आणि शेजारी फोल्डरचं नाव लिहा, कारण 6 फोल्डरच्या 6 माळा नंतर कोणती कोणाची ते ओळखू येत नाही.

इथले खड्डे सांगते, मी यातल्या प्रत्येकात पडलेय.

एक, तुमच्या स्वतःच्या आउटलुकमध्ये डाव्या बाजूला शेअर्ड मेलबॉक्स आलेला असतो, आणि सोपं पडतं म्हणून माणूस तिथूनच फोल्डर उघडून पत्ता कॉपी करतो. तो पत्ता तुमच्या खिडकीतून दिसणारा आहे, त्यात शेअर्ड आयडी नसतो. तुमच्याकडे मस्त चालतो आणि दुसऱ्याकडे चालत नाही. नेहमी वेगळ्या टॅबमधूनच घ्या.

दोन, फोल्डर उघडल्यावर एखादा मेल पण उघडला गेला तर पत्त्यात पुढे स्लॅश आयडी स्लॅश आणि अजून एक माळ लागते. ती लिंक मग फोल्डरवर नाही, त्या एका मेलवर जाते. आमच्या पानावर 3 दिवस "डीओ" या लिंकवर क्लिक केलं की कोणाचातरी दिवाळीच्या शुभेच्छांचा मेल उघडत होता. फोल्डरवर क्लिक करा आणि कुठल्याही मेलला हात न लावता कॉपी करा.

तीन, फोल्डर डिलीट करून त्याच नावाचा नवीन बनवला तर लिंक मेली, कारण नंबर नवीन झाला. नुसतं नाव बदललं तर चालतं, नाव पत्त्यात नसतंच. त्यामुळे सगळ्यांना सांगून ठेवा की फोल्डर आवरायचा असेल तर नाव बदला, डिलीट करू नका.

४. पानावर लावणे

शेअरपॉइंटचं पान उघडा, एडिट करा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करून "क्विक लिंक्स" हा भाग घ्या. लिंक ॲड करताना पत्ता पेस्ट करा, नाव द्या. लेआउटमध्ये यादी किंवा बटणं घ्या, म्हणजे नावाखाली एक ओळ वर्णन लिहिता येतं. मोठी चित्रं असलेला प्रकार दिसायला छान असतो पण 6 लिंका बघायला लोकांना स्क्रोल करावं लागतं.

नावं देताना ऑफिसात बोलतो तीच द्या. मी आधी "डिलिव्हरी ऑर्डर कॉरस्पॉन्डन्स" असं लिहिलं होतं, कोणी क्लिकच करेना. "डीओ आले का बघा" असं केलं आणि वापर सुरू झाला. वर्णनाच्या ओळीत लिहा की हे कोणाला उघडेल आणि उघडलं नाही तर कोणाला सांगायचं.

त्याच्या बाजूला "इथून मेल पाठवा" अशी एक लिंक पण ठेवा, मेलटू कोलन आणि पुढे शेअर्ड आयडी. म्हणजे ज्यांना मेलबॉक्स उघडायची गरज नाही, फक्त काहीतरी पाठवायचंय, ते अकाउंट्सवाले वगैरे, योग्य आयडीवर पाठवतील. ती क्लिक केल्यावर काहीच झालं नाही तर त्या लॅपटॉपवर डीफॉल्ट मेल ॲप लावलेलं नाही, लिंकची चूक नाही.

सगळं झाल्यावर पब्लिश किंवा रीपब्लिश दाबा. सेव्ह केलं म्हणजे ड्राफ्ट राहिला, तुम्हाला नवीन पान दिसतं आणि बाकी सगळ्यांना जुनंच. मी एक अख्खा दिवस लोकांना म्हणत होते की पान रिफ्रेश करा, रिफ्रेश करा.

क्विक लिंक्समध्ये एखादी लिंक ठराविक लोकांनाच दाखवायची सोय आहे, ऑडियन्स टार्गेटिंग म्हणतात. पान आटोपशीर ठेवायला चांगली, पण ती कुलूप नाही. ज्याला दिसत नाही त्याच्याकडे पत्ता असेल आणि मेलबॉक्सची परवानगीही असेल तर तो उघडणारच.

५. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तपासा

तुमच्या लॅपटॉपवर चाललं हे तपासणं नव्हे. तुम्ही आधीच लॉगिन आहात, तुम्हाला सगळ्या परवानग्या आहेत. आमच्याकडे घणसोलीहून येणारी एक मुलगी त्याच आठवड्यात जॉईन झाली होती, तिच्या लॅपटॉपवर बसले आणि एका तासात जे कळलं ते मला माझ्या खुर्चीत महिनाभर कळलं नव्हतं.

तिच्याकडे क्रोममध्ये तिचं घरचं हॉटमेल लॉगिन होतं. लिंक क्लिक केली की मायक्रोसॉफ्ट तिला घरच्या खात्यात न्यायचं आणि म्हणायचं की असं काही नाही. अशा माणसांना ब्राउझरमध्ये ऑफिससाठी वेगळं प्रोफाइल करून द्या, इंट्रानेट आणि मेल दोन्ही त्याच प्रोफाइलमधून उघडायला सांगा. नव्वद टक्के तक्रारी याच असतात असं मी म्हणणार नाही, मी मोजल्या नाहीत, पण मी सगळ्यात आधी हेच विचारते की वर कोपऱ्यात कोणता आयडी दिसतोय.

तपासताना ३ माणसं घ्या: एक पूर्ण परवानगी असलेला, एक परवानगी नसलेला, एक नवीन. परवानगी नसलेल्याला उघडत नाही हे बघणं पण तितकंच गरजेचं आहे.

मोबाईलवर वेगळं बघा. न्हावा शेवाला आमची जी मुलं डॉकवर असतात ती सगळं मोबाईलवरच करतात, आणि मोबाईलवर ही लिंक कधी ब्राउझरमध्ये उघडते कधी ॲपमध्ये जाऊन त्यांच्या स्वतःच्या इनबॉक्सवर थांबते. त्यांच्यासाठी मी लिंकचा नादच सोडला. आउटलुकच्या मोबाईल ॲपमध्ये अकाउंट ॲड करताना शेअर्ड मेलबॉक्स जोडायचा पर्याय आहे, तो एकदा बसून प्रत्येकाला करून दिला. उलव्याजवळ चहा प्यायला थांबलेला मुलगा पण आता डीओ आला का ते स्वतः बघतो, मला फोन करत नाही.

६. डेस्कटॉपचं जुनं आउटलुकच उघडायला हवं असेल तर

काही साहेब लोकांना ब्राउझरमधला मेल नकोच असतो. क्लिक केल्यावर त्यांचं नेहमीचं आउटलुक उघडून त्यातला फोल्डर समोर यायला हवा. ते होऊ शकतं, पण मी कोणाला सुचवणार नाही, कारण सांगते.

आउटलुक कोलन ने सुरू होणारा एक पत्त्याचा प्रकार आहे, पुढे मेलबॉक्सचं नाव आणि फोल्डरचा रस्ता लिहायचा, नावात जागा असेल तर टक्क्याचं चिन्ह आणि २० लिहायचं. खूप जुन्या आउटलुकमध्ये तो ब्राउझरमधून सरळ चालायचा. आउटलुक २००७ पासून इन्स्टॉल करताना तो विंडोजमध्ये नोंदवलाच जात नाही, त्यामुळे क्लिक केलं तर ब्राउझरला कळतच नाही की हे कोणी उघडायचं. चालवायचा तर प्रत्येक लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) नोंद घालावी लागते की आउटलुक कोलन आलं की आउटलुकला सिलेक्ट या स्विचसह चालव. हे काम आयटीनेच सगळ्या मशीनवर एकदम करायचं, रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

आणि तेवढं करूनही रस्ता प्रत्येकाकडे सारखा नसतो. एकाकडे मेलबॉक्स आपोआप आलेला असतो तर तो नावाने दिसतो, दुसऱ्याने हाताने अकाउंट म्हणून जोडलेला असतो तर मेल आयडीने दिसतो, मग एकच लिंक दोघांकडे चालणार कशी. पब्लिक फोल्डरमध्ये तर नव्या व्हर्जनमध्ये मुळाशीच प्रत्येकाचा स्वतःचा मेल आयडी लागतो. इथे फोल्डरचं नाव बदललं तरी लिंक तुटते. आणि विंडोजचं नवीन आउटलुक हा वेगळाच प्रोग्राम आहे, जुन्यासाठी केलेली रजिस्ट्रीची नोंद त्याच्या कामाची नाही. म्हणजे आज मेहनत करून बसवलं तरी मशीन नव्यावर गेली की परत शून्य.

आमच्या साहेबांना मी हे सगळं समजावलं, आणि मग त्यांच्या आउटलुकमध्ये ते 2 फोल्डर फेव्हरिट्समध्ये ओढून दिले. त्यांना तेवढंच हवं होतं.

७. जीमेल वापरणाऱ्या ऑफिससाठी

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबल असतात, आणि लेबल ज्याच्या त्याच्या खात्यात असतं. तुमच्या "डीओ" लेबलचा पत्ता पानावर दिला तर समोरच्याला त्याच्या स्वतःच्या खात्यातलं डीओ लेबल उघडेल, असलं तर. पत्त्यात यू स्लॅश शून्य असं जे येतं तो त्या ब्राउझरमध्ये कितवं खातं आहे त्याचा नंबर, तो पण प्रत्येकाकडे वेगळा. म्हणून तिथे गूगल ग्रुप्समध्ये कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स बनवा आणि त्या ग्रुपच्या पानाची लिंक द्या. तिथे एखादा मेल अमुक माणसाकडे दिला अशी नोंद पण करता येते. ऐरोलीतल्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात हेच करून दिलं आणि चालू आहे.

८. लिंका चालू झाल्यावर काय काय होतं

इथपर्यंत आलात की लोक मेलबॉक्स खरंच वापरायला लागतात आणि मग नवीन तक्रारी येतात, आधीच तयारी ठेवा.

सगळ्यात मोठी, वाचलेला-न वाचलेला. शेअर्ड मेलबॉक्समध्ये एकाने मेल उघडला की तो सगळ्यांसाठी वाचलेला होतो. एकजण सकाळी ९ ला ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये मोबाईलवर सगळे मेल चाळतो, ऑफिसात बाकीच्यांना एकही ठळक मेल दिसत नाही, सगळ्यांना वाटतं काही आलंच नाही. आमच्याकडे परत एक डीओ असाच राहता राहता वाचला. उपाय म्हणजे वाचलं की नाही यावर काम चालवायचंच नाही. आम्ही रंगांच्या कॅटेगरी ठरवल्या: पिवळा म्हणजे कोणीतरी घेतलाय, हिरवा म्हणजे झालं, रंग नाही म्हणजे कोणी हात लावलेला नाही. शेअर्ड मेलबॉक्समध्ये लावलेला रंग सगळ्यांना दिसतो. पानावर लिंकांच्या वर हे 3 रंग लिहून ठेवलेत.

दुसरी, पाठवलेले मेल. शेअर्ड आयडीवरून पाठवलेला मेल साधारणपणे पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंटमध्ये जातो, शेअर्ड मेलबॉक्सच्या सेंटमध्ये नाही. म्हणजे तुम्ही पानावर "आपण पाठवलेले" अशी लिंक दिली तर ती रिकामीच दिसणार. आयटी ॲडमिनला सांगा, एक सेटिंग आहे ज्याने कॉपी दोन्हीकडे राहते. हे पहिल्याच दिवशी करून घ्या, कारण सेटिंगच्या आधी गेलेले मेल मागाहून तिथे येत नाहीत.

तिसरी, डिलीट. जुन्या आउटलुकमध्ये शेअर्ड मेलबॉक्समधला मेल डिलीट केला की तो डिलीट करणाऱ्याच्या स्वतःच्या कचऱ्यात जातो. मेल हरवला असं वाटलं तर आधी सगळ्यांनी आपापलं डिलीटेड बघा, मग आयटीला फोन करा.

९. केवायसीची कागदं यात ठेवू नका

हा मुद्दा मला मनापासून सांगायचाय. फुल ॲक्सेस म्हणजे पूर्ण मेलबॉक्स. त्यातला एक फोल्डर काही जणांपासून लपवता येत नाही. पानावर त्या फोल्डरची लिंक नाही दिली म्हणजे तो सुरक्षित आहे असं अजिबात समजू नका, मेलबॉक्स उघडला की डाव्या बाजूला सगळं दिसतं.

आमच्या धंद्यात पार्टीचं केवायसी घ्यावंच लागतं, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटी नंबर, पॅन, डायरेक्टरचं आधार, आणि कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८ प्रमाणे रेकॉर्ड किमान ५ वर्षं जपून ठेवायचं असतं. हे सगळं आमच्याकडे डीओच्याच मेलबॉक्समध्ये एका फोल्डरमध्ये पडलेलं होतं आणि १४ जणांना उघडं होतं, त्यात ३ महिन्यांसाठी आलेले ट्रेनी पण. लिंका लावताना मला ते दिसलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला, कोणाच्या आधारची कॉपी कोणाच्या मोबाईलमध्ये असेल याचा काही हिशोब नाही. लोकांची माहिती सांभाळायची जबाबदारी आपली आहे आणि २०२३ साली डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदाही आलाय. केवायसीसाठी वेगळा मेलबॉक्स करा, 2-3 जणांनाच परवानगी द्या, त्याची लिंक पहिल्या पानावर नको.

कोणी नोकरी सोडली की शेवटच्या दिवशीच त्याचं नाव परवानगीच्या यादीतून काढायला आयटीला मेल करा. एचआरने कळवलं असेल असं धरून चालू नका. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यादी मागवतो आणि ऑफिसात बसलेल्या माणसांशी ताडून बघतो, १० मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी नव्या माणसाच्या लॅपटॉपवरून पानावरची प्रत्येक लिंक एकदा क्लिक करून बघतो, आणि पानाच्या खाली तपासल्याची तारीख आणि माझं एक्सटेंशन लिहून ठेवते, म्हणजे एखादी लिंक बंद पडली तर लोक एकमेकांना विचारत बसत नाहीत, सरळ मला फोन करतात.